बायकांची जाहा

अबू सत्ताम म्हणाले, “कॉफी घ्या,” आणि भिंतीपलीकडे बसलेल्या शंभरेक माणसांनी एकदम सोडलेला श्वास मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

अबू सत्ताम म्हणजे माझा नवरा. सत्ताम आमचा थोरला. आमच्याकडे थोरल्या मुलाच्या नावानं आईबापांना हाक मारतात, म्हणून ते अबू सत्ताम आणि मी उम्म सत्ताम. सत्तामला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तरी दिवसातून वीस वेळा त्याचं नाव मला ऐकावं लागे, कुणी ताक मागायला आलं तरी.

त्याला हायेलनं मारलं होतं. हायेलला फाशीची शिक्षा झाली होती. आणि ती शंभर माणसं हायेलचा जीव मागायला आली होती. करकचे शेख, सल्तचे शेख, दोन निवृत्त लष्करी अधिकारी, वर एक माजी मंत्री. अशी मागणी घेऊन दारी येणारी मंडळी म्हणजे जाहा. ती जितकी मोठी, तितकी तिची मागणी मोडणं अवघड. यजमान कॉफी देतो, पाहुणे पेला पुढ्यात ठेवतात आणि त्याला हात लावत नाहीत. त्यांच्यातला वडीलधारा उठून मागणी घालतो. यजमान “कॉफी घ्या” म्हणाला की मागणी मान्य. तो गप्प राहिला तर पेले गार होतात आणि पाहुणे उठून चालते होतात.

त्या दिवशी पेले गार झाले नाहीत.

माझी थोरली जाऊ फिद्दा माझ्या शेजारी उभी होती. तिनं हातातला झारा पातेल्यात टाकला. “विकलं,” म्हणाली. “चमचाभर कॉफीवर पोराला विकलं.”

शंभर माणसांचं मटण दह्यात रटरटत असताना बाईला दुसरा विचार करायला सवड नसते. दही फुटू नये म्हणून मी ढवळत राहिले.

मला वाटलं, पुरुषांनी सुरू केलं, पुरुषांनी संपवलं. पण आठवड्यानं कोर्टातून एक कारकून आला. गोरा, घामेजलेला, बगलेत फाइल. त्यानं सांगितलं की मेलेल्याचे वारस दोन, आई आणि बाप. दोघांनी आपला हक्क सोडला तर फाशी उतरते आणि तुरुंग राहतो. एकट्यानं सोडून भागत नाही. अबू सत्तामनी तिथंच सही केली. मग कागद माझ्यासमोर आला आणि शाईचा डबाही आला. मला तेव्हा वाचता येत नव्हतं.

“काय लिहिलंय?” मी विचारलं.

“तुम्ही माफ केलंत म्हणून लिहिलंय, मावशी. इथे अंगठा.”

“मी कधी केलं?”

कारकुनानं अबू सत्तामकडे पाहिलं. अबू सत्तामनी छताकडे पाहिलं.

“कॉफी यांनी पाजली,” मी म्हणाले. “माझ्याकडे अजून कुणी काही मागितलेलंच नाही.”

कारकुनानं डब्याचं झाकण लावलं. चाळीस दिवसांची मुदत आहे म्हणाला. त्यानंतर फाइल वर जाईल, आणि वर गेलेली फाइल खाली येत नाही.

तो गेल्यावर मी अंगठ्याकडे बघत बसले. काळा, चिरलेला, लसणाचा वास येणारा अंगठा. त्याला एका माणसाचा गळा बांधलेला आहे हे काही खरं वाटेना.

*

झालं होतं ते असं. जवाची कापणी होती. चार गावांत मिळून कापणीचं यंत्र एक. सत्तामचा नंबर आधी की हायेलचा, यावरून जुंपली. दोघं एकाच वर्गात शिकलेले, एकाच तुकडीत सैन्यात होते. सत्तामनं पंचवीस माणसांसमोर हायेलच्या थोबाडीत मारली. हायेल काही न बोलता घरी गेला. पाव तास जायला, पाव तास यायला. येताना त्याच्याकडे बापाची बंदूक होती.

कोर्टानं तो अर्धा तास मोजला. थोबाडीत बसल्या बसल्या धोंडा उचलून डोक्यात घातला असता तर तुरुंगच झाला असता. पण माणूस घरी गेला, परत आला, आणि वाटेत राग उतरायला जागा असूनही तो उतरू दिला नाही, म्हणून फाशी. न्यायाधीशानं हे समजावून सांगितलं तेव्हा मला ते पटलं होतं. आजही त्यात काही चूक दिसत नाही.

पण कोर्टात एका साक्षीदारानं आणखी एक गोष्ट सांगितली होती. हायेल बंदूक घेऊन घराबाहेर पडला तेव्हा त्याची आई अंगणात उपड्या तव्यावर भाकऱ्या भाजत होती. तो तिच्यासमोरून गेला. साक्षीदार एवढंच बोलला आणि वकील पुढच्या प्रश्नाकडे वळला. मी मात्र तिथंच अडकले. चार वर्षं मी त्या अंगणात उभी होते.

खोटं कशाला बोलू, पहिलं वर्ष मी त्या फाशीच्या भरवशावर काढलं. तो लटकेल, मग मी झोपेन, मग मला भूक लागेल. पण अपिलामागून अपील होत गेलं. त्याची फाशी पुढे जात होती आणि आमचं घर जागच्या जागी थांबलं होतं. ईदला गोड नाही. भिंतींना चुना नाही. माझ्या वदहाचं लग्न ठरलेलं होतं, तेही “आधी तो लटकू दे, मग मेंदी” म्हणून राहिलं. पोरगी सव्वीस वर्षांची झाली. आणि एक गोष्ट मला टोचायची, ती मी कुणाला सांगत नव्हते. घरात सत्तामचं नाव निघालं की पुढच्या वाक्यात हायेल यायचाच. अपिलाचं काय झालं, वकील काय म्हणाला. माझ्या लेकाची आठवण काढायची तरी तो दुसरा मधे येऊन बसायचा.

*

मुदतीचे दहा दिवस गेले, तशी माणसं यायला लागली.

सगळ्यात आधी माझे थोरले दीर, हाज ज़ैदान. काठी दारात आपटत आले.

“उम्म सत्ताम, शंभर माणसांसमोर माझ्या भावानं शब्द दिला. त्याच्या दाढीवर थुंकतेस?”

“दाढी त्यांची आहे, हाज. अंगठा माझा आहे.”

“मग तुला फाशी पाहिजे?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे काय? हो म्हण नाहीतर नाही म्हण. बाजारात मेंढी घेतानासुद्धा माणूस इतका वेळ लावत नाही.”

“मेंढी घेताना तुम्ही तिचं तोंड उघडून दात बघता. मला कुणी काय बघू दिलंय?”

त्यावर हाजनी चहा मागितला. मी चहा दिला. तीन चमचे साखर घालून प्याले आणि तणतणत गेले.

त्यांच्या पाठोपाठ त्यांची बायको आली. फिद्दाला नवऱ्याची वाट चुकवून यायची चांगली सवय होती.

“देऊ नकोस अंगठा,” ती म्हणाली. “त्याच्यासाठी मंत्री आला, शेख आले. तुझ्या पोरासाठी कोण आलं होतं ग? त्या शेतात त्याला कुणी विचारलं, बाबा, तुझी काय मागणी? मेलेल्याची जाहा कधी निघत नाही, बहिणी. त्याच्या बाजूनं बोलायला तू एकटी उरलीस.”

ती खोटं बोलत नव्हती. फिद्दाचा स्वतःचा भाऊ असाच मारला गेला होता. त्याला मारणारा बारा वर्षांत सुटून आला आणि आज दुकानात बसून खिळे विकतो. फिद्दा खिळा घ्यायला सात मैलांवरच्या गावी जाते.

इमामही आला. तरुण पोरगा, नुकताच शिकून आलेला. अल्लाहनं दोन दारं उघडी ठेवलीत म्हणाला, एक न्यायाचं, दुसरं क्षमेचं. क्षमेचं दार उंच आहे.

“दोन्ही उघडी ठेवली, हीच तर पंचाईत,” मी म्हटलं. “एक बंद असतं तर मी डोळे मिटून दुसऱ्यातून गेले असते.”

तो हसला. मग म्हणाला, “काकू, हे पुस्तकात नव्हतं.” मी त्याला अंडी दिली. बिचारा एकटा राहत होता.

अबू सत्ताम मात्र काही बोलत नव्हते. जैतुनाची तोडणी सुरू होती. ते फांद्या झोडायचे, मी खाली पसरलेल्या कापडावरून फळं वेचायची. चौथ्या दिवशी मीच विचारलं.

“का पाजलीत कॉफी?”

त्यांनी आणखी एक फांदी झोडली. मग म्हणाले, “दमलो होतो.”

“कशानं?”

“चार वर्षं रोज त्या पोराला मारतोय मी. सकाळी उठलो की आधी त्याला मारतो, मग तोंड धुतो. दमलो, सत्तामच्या आई.”

मी वेचत राहिले. मग विचारलं, “मला आधी का नाही विचारलंत?”

“तू नाही म्हणाली असतीस तर?”

“म्हणालेच असते.”

“म्हणून,” ते म्हणाले आणि झाडाच्या पलीकडे गेले.

मला राग आला, आणि रागाच्या आत कुठेतरी त्यांची दयाही आली. त्या संध्याकाळी मी हाज ज़ैदानना निरोप धाडला की मला काय हवं ते मला कळलंय. हायेलची आई माझ्याकडे आली पाहिजे. तिनं माझ्याकडे मागितलं पाहिजे.

हाज धावतच आले. “बायकांची जाहा? असं कधी झालंय? उद्या कोंबड्या बांग देतील!”

“देऊ देत. पहाटेच्या नमाजाला तरी वेळेवर उठाल.”

त्यांना हसू आलं, ते त्यांनी दाढीत दडवलं. “आणि ती येणार कशी? त्यांना या जिल्ह्यात पाऊल टाकायची बंदी आहे. ती उठवायला निदान कागद तर होऊ दे.”

हे खरं होतं. खून झाल्या दिवशीच हायेलच्या सगळ्या भाऊबंदांना गाव सोडावं लागलं होतं. रीतच तशी. आता ते खाली मृत समुद्राकाठच्या उष्ण खोऱ्यात लोकांच्या टोमॅटोच्या मळ्यात राबत होते.

“बंदी कुणासाठी?” मी विचारलं. “सूड घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ते येऊ नयेत म्हणूनच ना? मग सूडवाली मीच आहे आणि मीच बोलावतेय.”

हाज ज़ैदाननी काठी उचलली, खाली ठेवली, परत उचलली. “वकील व्हायची होतीस तू,” म्हणाले, आणि तिच्या येण्याजाण्याला जामीन राहायला तयार झाले.

*

मुदतीचे सहा दिवस उरले असताना, बुधवारी सकाळी टोमॅटोचा एक टेम्पो आमच्या दारात थांबला. मागच्या बाजूनं सात बायका उतरल्या. डोक्यापासून पायापर्यंत धूळ. हायेलची आई सगळ्यांत शेवटी उतरली. तिला मी ओळखत होते. पोरं शाळेत असताना आम्ही फाटकाशी उभ्या राहायचो. तेव्हा ती माझ्याहून हातभर रुंद होती. आता तिचे कपडेच तेवढे टेम्पोतून उतरल्यासारखे वाटले.

घरात आमच्याही बायका जमल्या होत्या. मी पहाटे कॉफी भाजून, वेलदोडा घालून कुटली होती. पुरुषांच्या बैठकीत होते तशीच, कडू, बिनसाखरेची. जाहा आहे ना, मग रीतीनं होऊ दे. वदहा उजव्या हातात पेले आणि डाव्या हातात किटली घेऊन उभी राहिली. पहिला पेला हायेलच्या आईला दिला.

तिनं तो घेतला आणि एका घोटात प्याली. वर, पुरे झाली की हलवतात तसा पेला हलवून वदहाच्या हातात परतही दिला.



तिच्याबरोबर आलेल्या म्हाताऱ्या आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. “मेले ग मी! अख्खी वाट सांगत आले हिला!”

“काय झालं?” हायेलची आई घाबरून एकेकीकडे बघू लागली. “काय केलं मी? तीन तास धूळ खाल्ली, घसा चिकटला होता. यांनी दिली, मी प्याले. बाईनं दिलेली कॉफी नाही म्हणायची असते का?”

खरंच होतं ते. बायकांच्यात कुणी पेला खाली ठेवत नाही. जाहेत बसायची वेळ बाईवर येतेच कुठे?

फिद्दा उठून उभी राहिली. “संपलं. मागण्याआधी घोट घेतला की मागणी मेली. रीत आहे. उठा बायांनो, टोमॅटो उन्हात पडलेत तुमचे.”

आणि मला हसू आलं. कुठून आलं माहीत नाही. चार वर्षं तुंबलेलं असावं. ओढणीचा पदर तोंडात कोंबला तरी थांबेना.

“फिद्दा,” मी म्हटलं, “मागणी मरायला आधी जन्मावी लागते. तिनं तोंड तरी उघडलंय का अजून?”

“उघडलं ना,” वदहा म्हणाली. “कॉफी प्यायला.”

मग सगळ्याच हसल्या, त्यांच्याही आणि आमच्याही. आत्या तर खोकायलाच लागली. हायेलची आईही हसली आणि हसता हसता रडायला लागली, आणि मग कुणीच हसलं नाही.

मी दुसरा पेला भरायला सांगितला. तो तिच्यासमोर ठेवला. या वेळी तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

“मागायच्या आधी मला एक सांग,” मी म्हणाले. “त्या दिवशी तू अंगणात भाकऱ्या भाजत होतीस. तो बंदूक घेऊन तुझ्यासमोरून गेला. तू काय केलंस?”

आत्यानं तिच्याकडे पाहून मान हलवली, सांगू नकोस अशी. हायेलची आई तिकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

“मला वाटलं तितर मारायला चाललाय,” ती म्हणाली. मग थांबली. “नाही. असं मी कोर्टात सांगणार होते, त्यांनी विचारलंच नाही. मी त्याचं तोंड पाहिलं. एक गाल लाल होता. मला कळलं, उम्म सत्ताम. काय होणार ते नाही कळलं, पण काहीतरी वाईट होणार ते कळलं. तव्यावर भाकरी होती. हात पिठात होते. मनात म्हटलं, एवढी भाकरी उलटते आणि उठते. उलटली. ती फुगली. काढली. उठले तेव्हा तो वळणापलीकडे गेला होता. मग मी पुढची टाकली.”



“रोज भाकरी भाजते,” ती म्हणाली. “रोज तीच असते.”

मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. त्या क्षणी मला तिला फाडून खावंसं वाटलं. एका भाकरीसाठी! तू उठली असतीस, त्याचा हात धरला असतास, तर आज माझा सत्ताम दोन मुलांचा बाप असता. मी ओट्याला धरून उभी राहिले. आणि ओट्याला धरून उभी असतानाच मला माझी स्वतःची सकाळ आठवली. म्हणजे आठवायला ती विसरले कधी होते? मी त्या सकाळकडे पाठ करून बसले होते, एवढंच.

त्या सकाळी सत्ताम निघताना म्हणाला होता, हायेल म्हणतोय त्याचा नंबर आधी आहे, असेलही, मी उद्या कापतो. आणि मी म्हणाले होते, “आज नंबर सोडून घरी आलास तर समजेन की मला मुलगीच झाली.” हसत म्हणाले होते. पण म्हणाले होते.

अबू सत्तामना मी हे कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही.

मी बाहेर आले, तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. सगळ्यांसमोर. फिद्दानं तोंडावर हात ठेवला. वदहा माझ्याकडे अशी बघत होती जशी मी परकी बाई आहे. थोड्या वेळानं तिनं किटली खाली ठेवली आणि माझ्या पाठीला टेकून बसली.

“हे तुझ्या मुलाचा गुन्हा धुऊन काढायला सांगत नाहीये मी,” मी हायेलच्या आईला म्हणाले. “थोबाडीत मारली म्हणून कुणी मारून टाकत नाही. तो अर्धा तास त्याचाच होता.”

“त्याचाच होता,” ती म्हणाली.

मग तिनं मला तुरुंगातलं सांगितलं. हायेलच्या शेजारच्या कोठडीत एक परदेशी मजूर होता. त्यालाही खुनाबद्दल फाशीच. त्याला ना टोळी, ना शेख, ना इथे आई. माफी मागायला कुणाच्या दारी जायचं हेही त्याच्या घरच्यांना ठाऊक नव्हतं. त्याला एका पहाटे नेलं. तो शेवटपर्यंत हायेलला विचारत होता, तुमच्याकडे ती माणसं कॉफी ठेवून बसतात, त्यांना बोलवायला कुठे जायचं?

“बाकी मला न्यायातलं कळत नाही,” ती म्हणाली. “माझा मुलगा त्याच्याहून चांगला आहे म्हणून वाचावा असंही मी म्हणत नाही. मला तो हवाय. हीच माझी मागणी. दुसरी मला सांगता येत नाही.”

त्या मजुराच्या आईचं काय, हा विचार माझ्या मनात आला. तिनं कुठे जाऊन मागायचं? आणि त्यानं मारलेल्याची आई, माझ्यासारखीच कुठलीशी बाई, जिच्याकडे अंगठा कुणी मागितलाच नाही. आणि मला अगदी साधी गोष्ट कळली. मी अंगठा दिला नाही तर हायेलच्या आईला आयुष्यभर तीच एक भाकरी भाजावी लागेल. आणि माझी? माझ्या त्या सकाळची भाकरी काही तो लटकल्यानं भाजून संपणार नव्हती.

पेल्यातल्या कॉफीवर साय आल्यासारखी झाली होती. मी तो पेला उचलला, मोरीत ओतला, किटलीतून गरम भरला आणि तिच्या हातात दिला.

“घे,” मी म्हणाले. “आता पी.”

ती पेला धरून बसली. “खरंच पिऊ?” तिनं आत्याला विचारलं. बाईचा आता कॉफीवरचा विश्वासच उडाला होता.

“पी ग बाई!” आत्या ओरडली. “गार होईल!”

फिद्दा उठून गेली. तिला मी थांबवलं नाही. तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पुढे दोन महिने ती माझ्याशी बोलत नव्हती. मग वदहाच्या लग्नात बदाम सोलायला आली, आणि त्या विषयाला आम्ही दोघींनी पुन्हा हात लावला नाही.

*

कोर्टात न्यायाधीशानं विचारलं, “कुणी जबरदस्ती केली?”

“दोन्ही बाजूंनी केली, साहेब. जोर सारखाच होता, त्यामुळे मी पडले नाही.”

त्यानं चष्म्यावरून पाहिलं. “मग अंगठा द्या.”

“कागद वाचून दाखवा आधी.”

कारकुनानं वाचला. मी हायेलला माफ केलं असं त्यात होतं.

“हे चुकीचं आहे,” मी म्हणाले. “माफ मी केलेलं नाही. करेन की नाही मला माहीत नाही. त्यानं तुरुंगात राहावं. त्याला मारू नये, एवढंच माझं म्हणणं.”

“मावशी, हा छापील कागद आहे,” कारकून म्हणाला.

“मग छापणाऱ्याला बोलवा.”

अबू सत्ताम माझ्या मागे उभे होते. त्यांच्या घशातून कसलातरी आवाज आला. न्यायाधीशानं पेन उचललं. छापील ओळ खोडून त्याखाली स्वतःच्या हातानं लिहिलं आणि मला मोठ्यानं वाचून दाखवलं: मृताची आई आरोपीच्या मृत्यूची मागणी करत नाही. “ठीक आहे?”

“ठीक आहे.”

मी अंगठा उठवला. कारकुनानं फडकं दिलं, पण शाई काही निघाली नाही. भेगांमधून बसली ती पंधरा दिवस.

बाहेर आलो तेव्हा बाराची बस गेली होती. बसथांब्याजवळच्या खाणावळीत अबू सत्तामनी भात-कोंबडी सांगितली. आम्ही दोघं असे बाहेर बसून कधी जेवलोच नव्हतो, आधीच्या चांगल्या दिवसांतही. त्यांनी मांडीचा तुकडा माझ्याकडे सरकवला. मला भूक लागली होती. सडकून लागली होती.

जेवताना मी त्यांनाही ती नंबर सोडण्याची गोष्ट सांगितली. वदहाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेली बरी. त्यांनी घास खाली ठेवला. मला वाटलं, आता उठून जातील.

“तू नसतं म्हटलंस तरी तो भांडलाच असता,” ते म्हणाले. “हट्टी होता. माझ्यावर गेला होता.” मग त्यांनी टेबलाखाली वाकून स्वतःच्या पायाकडे बोट दाखवलं. “हे बूट बघ.”

“काय झालं बुटांना?”

“सैन्यातल्या पहिल्या पगारात आणले होते त्यानं. दोन नंबर मोठे. मी म्हटलं, अरे गाढवा, हे माझ्या पायात राहतील का? तर मला म्हणतो, ‘बाबा, असू दे. तुमचे पाय वाढतील.’”

“पाय वाढतील?”

“पन्नास वर्षांचा होतो मी! दुकानदारानं फसवलं होतं, ते कबूल करायचं नव्हतं त्याला. मग मी पुढे चिंध्या कोंबल्या.” त्यांनी एक बूट काढून दाखवला. खरंच, आत जुन्या फडक्याचा बोळा होता. “आज सकाळीच बदलला.”

मला इतकं हसू आलं की शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. अबू सत्तामही हसत होते, एका पायात बूट आणि एका हातात बूट. मग मी त्यांना त्यानं शेळीला शाळेत नेल्याची गोष्ट सांगितली, ती त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी आणखी एक सांगितली. एकातून एक अशा निघत गेल्या.

आमची एकची बस आली. कंडक्टर करकचं नाव घेऊन दोनदा ओरडला. अबू सत्तामनी मान वळवून तिकडे पाहिलं, मग पोऱ्याला हाक मारून आणखी दोन चहा सांगितले.

“हं,” ते म्हणाले. “मग त्या शेळीचं मास्तरांनी काय केलं?”